आत्तीचं जुनेर आणि डॉक्टरांची मोटार

आमच्या ह्यांना मोटार धुण्याचं फारसं कौतुक नव्हतं. "धुत्यात तर म्हशीबी," असं म्हणायचे, "पुसायला अक्कल लागती." ही अक्कल त्यांनी लढाईत मिळवली होती. पाच वर्षं फौजेत साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या आणि लढाई संपून सुटून आले, ते सांगलीच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. डॉक्टरांच्या बंगल्यामागे मोटारखाना आणि मोटारखान्याला चिकटून आमची एक खोली. मी कोरेगावकडची, मराठी सातवी पास आणि लोक म्हणतात त्याप्रमाणे तोंडाने फटकळ. मी फटकळ नाही. दिसलं ते बोलल्याशिवाय मला राहवत नाही, एवढंच.

मोटार काळी कुळकुळीत आणि लांबलचक होती. काळ्या रंगावर काही लपत नाही. त्यात डॉक्टरांच्या विहिरीचं पाणी जड. त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नसे आणि तेच पाणी गाडीवर वाळलं की चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके उमटत. म्हणून पाणी वाळायच्या आत टिपून घ्यायचं, हा ह्यांचा पहिला कायदा. बाकीचे कायदे मला अजून तोंडपाठ आहेत. उन्हात गाडी धुवायची नाही. झाडाखाली धुवायची तर चिंचेखाली नाही, तिचा चिकटा पडतो. आधी टप, मग बॉनेट, मग दारं, चाकं सगळ्यात शेवटी, आणि चाकाचं फडकं वेगळं. फडकं घासायचं नाही. पसरायचं, आणि दोन्ही हातांनी अलगद आपल्याकडे ओढायचं.

काचांसाठी ह्यांनी स्वतःच्या हाताने एक हत्यार बनवलं होतं. बांबूची कामटी चिरून तिच्यात सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवलेली. काचेवरून वरून खाली एकदा ओढली की पाणी पार खाली. दिव्यांच्या कडा, दाराच्या बिजागऱ्या, नंबराच्या पाटीमागची फट, असल्या जागी फडकं पोचत नाही, तिथे सायकलचा पंप लावून फुस्स फुस्स हवा मारायची. आणि सगळं झाल्यावर बंगल्याभोवती एक फेरी, तीही थांबत थांबत, ब्रेक दाबत. का, तर ब्रेक वाळायला हवेत. डॉक्टर गॅलरीतून बघायचे आणि म्हणायचे, "हवालदार, गाडी पुसून झाली की पेशंटही असेच पुसून द्या." हे हवालदार कधीच नव्हते, नाईक म्हणून सुटले होते, पण डॉक्टरांना कोण सांगणार?

ह्या सगळ्या सरंजामाचा राजा म्हणजे एक कातडं. फौजेतल्या एका साहेबाने विलायतेला जाताना ह्यांना दिलेलं. हातभर लांब, पिवळसर आणि मऊ. ओलं करून पिळायचं आणि गाडीवरून फिरवायचं, की ते घटाघटा पाणी प्यायचं, एक ठिपका मागे ठेवायचं नाही. हे त्याला सावलीत वाळवायचे, वाळून कडक झालं की हाताने चोळून पुन्हा मऊ करायचे, आणि खुंटीला टांगायचे. त्याला माशाचा वास यायचा. ती खुंटी माझ्या चुलीच्या डोक्यावर होती.

आता इथे माझं चुकलं, हे मी कबूल करते. पण मला कुणी सांगितलं नव्हतं की ते कातडं आहे. मला वाटलं, फलाटीनसारखं काही विलायती कापड असेल, आणि वास मारतंय म्हणजे मळलंय. एके दिवशी हे डॉक्टरांना घेऊन मिरजेला गेले असताना मी धुण्याच्या सोड्यात कपडे उकळायला घातले आणि तेही त्यात टाकलं. तासाभराने काठीने वर काढलं, तर भाकरी करपून आवळावी तसा वीतभर गोळा. मी तो ताणून बघितला, दगडाखाली दाबून बघितला. काही उपयोग झाला नाही.

हे संध्याकाळी आले, खुंटीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, आणि नुसते खाली बसले.

"उकळलंस व्हय?"

"वास येत हुता."

"अगं, बर्म्यातनं आनलंय ते. दोन नद्या वलांडून आनलंय."

"मग नदीतच धुवायचं हुतं तितं," मी म्हटलं. चुकलेलं माणूस जास्तच बोलतं, तशातली गत.

त्या दिवसापासून ह्यांची नजर घरातल्या कापडावर पडली. तेव्हा कापडाला कंट्रोल होता. रेशनवर मिळेल ते जाडंभरडं घ्यायचं, तेही मिळेल तेव्हा. ते कांजीने असं ताठ असायचं की गाडीवरून फिरवलं तर पाणी पुसण्याऐवजी इकडचं तिकडे नुसतं ढकलायचं आणि मागे रेघा ठेवायचं. पंचा वापरून बघितला, त्याचे धागे गाडीला चिकटले. माझ्या उशीचा अभ्रा गेला. ह्यांचा स्वतःचा बनियन गेला. मग मला कळलं की मोटारीला आणि तान्ह्या मुलाला एकच कापड मानवतं: वर्षानुवर्षं धुऊन धुऊन ज्याचा सगळा ताठा गेलाय, असं सुती. आमच्याकडे त्याला जुनेर म्हणतात.

आणि माझ्याकडे एक जुनेर होतं. ट्रंकेच्या तळाशी, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. मला सातवा सरून आठवा लागला होता.

हे जुनेर साधं नव्हतं. आमच्या भागात तान्ह्याला पहिल्यांदा नव्या कापडात घेत नाहीत. ज्या बाईची सगळी मुलं जगली तिचं वापरलेलं लुगडं मागून आणायचं आणि बाळाला त्यात घ्यायचं, म्हणजे बाळालाही तेवढं आयुष्य मिळतं, अशी समजूत. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्तीने, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीने. तिला सहा मुलं, सहाही धडधाकट. तिनेच ते लुगडं पाठवलं होतं, हिरवं, तांबड्या काठाचं, पदराला तीन ठिकाणी रफू केलेलं.

ह्याआधी मला एक मुलगा झाला होता. तेव्हा हे लढाईवर होते. आत्ती हिवतापाने अंथरुणाला खिळलेली, म्हणून शेजारच्या बायकांनी बाळंतपण केलं, आणि जुनेर कुणाचं मागायचं ह्या घोळात बाळाला कंट्रोलच्या नव्या कोऱ्या कापडात घेतलं. नवव्या दिवशी तो गेला. मुलगा झाल्याचं पत्र आणि गेल्याचं पत्र ह्यांना एकाच दिवशी मिळालं. नव्या कापडाबद्दल बायका काय काय कुजबुजल्या ते मी ऐकलं होतं, पण ह्यांना कधी सांगितलं नाही. हे सुटून आल्यावर आम्ही त्या मुलाचा विषयच काढला नाही. मी काढला नाही म्हणून त्यांनी काढला नाही, आणि त्यांनी काढला नाही म्हणून मी. तेव्हा ट्रंकेतलं ते लुगडं माझ्यासाठी काय होतं, हे ह्यांना कळायला मार्ग नव्हता.

मग दसरा आला. तोवर माझा नववा सरत आला होता. दसऱ्याला सांगलीतल्या झाडून सगळ्या मोटारी धुऊन, हार घालून संध्याकाळी सोनं लुटायला मैदानावर जायच्या. मालक सोनं लुटत असत आणि ड्रायव्हर लोक एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरून खोड्या काढत. आदल्या वर्षी एका पेढीवाल्याच्या ड्रायव्हरने आमच्या बॉनेटवर बोट ठेवून "हितं देवी आल्यात वाटतं," असं म्हटलं होतं. ठिपक्यांना उद्देशून. हे ते विसरले नव्हते. वर्षभर मनात धरून बसले होते. पुरुषांना एरवी बायकोने सांगितलेली मिठाची पुडी लक्षात राहत नाही.

दसऱ्याच्या दुपारी मी ताटात हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि नारळ घेऊन मोटारीची पूजा करायला बाहेर आले, आणि खरं सांगते, थबकलेच. गाडी अशी कधी दिसली नव्हती. माझं ताट, माझे हात, वरचं आभाळ, सगळं तिच्यात दिसत होतं.

"आज लय झळकतीया," मी म्हटलं. ह्यांची मी सहसा स्तुती करत नसे, त्यामुळे ते हुरळले.

"कातड्यापरीस भारी कापड गावलं," म्हणाले. "इतकं मऊ, की पाणी आपसूक पितंय. दोन भाग केलं. एक वलं टिपायला, एक वरनं फिरवायला." आणि त्यांनी दोरीकडे बोट दाखवलं.

दोरीवर हिरवे दोन तुकडे वाळत होते. तांबडा काठ. रफूच्या तीन जागा. एका तुकड्यावर बिजागरीच्या वंगणाचे काळे पट्टे.

ताट माझ्या हातून पडलं नाही, तसलं काही नाटक मी केलं नाही. मी ते नीट बॉनेटवर ठेवलं आणि मग तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. फौजेला बोलले, मोटारीला बोलले, पेढीवाल्याच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांना बोलले. हे आधी हसले, मग "अगं, जुनं फडकं ते, दुसरं बगू की," असं म्हणाले, आणि तिथेच माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं. नवं कापड, शेजारच्या बायका, नववा दिवस. "त्यो गेला तवा तुमी न्हवता," मी म्हटलं, "आन् हिच्या येळंला हाय त्येबी तुमीच फाडून ठेवलं!" मुलगी होणार असं का म्हटलं, देव जाणे.

त्या संध्याकाळी गाडी मैदानावर गेली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं म्हणे. पण हे गाडीतून उतरलेच नाहीत. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर ह्यांचं अंथरूण रिकामं. डॉक्टरांकडून दोन दिवसांची रजा घेऊन मिरजेला गेले होते, आणि तिथून आगगाडीने कोरेगावला. दुपारी डॉक्टर स्वतः माझ्या दाराशी आले. माझं ओरडणं ऐकलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं सांगितलं असणार. ते बाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, कापडाने मूल जात नाही. नाळ कशाने कापली होती?"

"विळ्याने," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मग धनुर्वात झाला असणार. यावेळी मी आहे. माझी कात्री उकळलेली असते."

मला त्या बोलण्याने केवढा धीर आला! तीन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं झालं. पण म्हणून आत्तीचं जुनेर नको झालं असं मुळीच नाही. मला डॉक्टरांची कात्रीही हवी होती आणि आत्तीचं लुगडंही.

कोरेगावात काय झालं ते आत्तीने मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे होते असं वाटतं. हे तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले, टोपी काढली, आणि सलाम ठोकावा तसे ताठ उभे राहून म्हणाले, "आत्ती, तुमचं जुनेर म्या मोटारीला लावलं."

आत्ती शेंगा फोडत होती. तिने वर बघितलं. "कुनाच्या मोटारीला?"

"डाक्तरसायबांच्या."

"मग, पुसली का चांगली?"

"आरशागत," म्हणाले.

"मग रडताय कशापायी, जावायबापू? लुगडं माझं हाय. त्ये वाया जायाचं न्हाई." असं म्हणून ती पोटभर हसली, आणि हसून झाल्यावर त्यांना इतकी बोलली की मी बोलले ते काहीच नव्हतं. आमच्या घराण्यात ते आहे. मग तिने हिशेब सांगितला: कंट्रोलच्या दिवसांत तिच्याकडे लुगडी उरली होती दोन, एक अंगावर आणि एक दांडीवर. दांडीवरचं नवं, म्हणजे कामाचं नाही. कामाचं ते अंगावरचं. "आता ह्ये सोडून देऊ का हितंच तुमास्नी?" असं तिने विचारलं. हे लाजून मागे फिरले. "थांबा वाईच. पोरीची येळ जवळ आली. लुगड्यासंगं मीच येती."

आणि आली. बोचकं, शेंगांची पिशवी आणि ते अंगावरचं निळं, विरत आलेलं लुगडं, अशी टांग्यातून उतरली. मला जवळ घेईल म्हणून मी पुढे झाले, तर ती मला ओलांडून थेट मोटारखान्यात. मोटारीवरून तळहात फिरवला. मडगार्डमध्ये वाकून बघितलं आणि तिथेच आपलं कुंकू नीट केलं. "बया! माझ्या लुगड्यानं ही अशी झाली व्हय?" त्यानंतर जो कोणी बंगल्यात येई त्याला ती सांगायची, अगदी पोटात कळा येत असलेल्या पेशंटांनासुद्धा, की ही गाडी माझ्या लुगड्यानं पुसलीया. मला राग यायला हवा होता. पण मलाही हसू यायला लागलं, आणि ह्यांच्याशी मी पुन्हा बोलायला लागले.

डॉक्टर आणि आत्ती यांचं एका बाबतीत वाजलं. डॉक्टर म्हणाले, वापरलेलं लुगडं उकळल्याशिवाय बाळाला लावू देणार नाही. आत्ती म्हणाली, उकळलं तर त्यातलं माझं काय उरलं? शेवटी डॉक्टरच म्हणाले, "आजी, तुमचं आयुष्य एवढं कच्च्या रंगाचं आहे का, उकळल्याने जायला?" हे तिला पटलं. तिने ते लुगडं काढून दिलं आणि बोचक्यातलं आपलं कंट्रोलचं नवं नेसून बसली. ते इतकं कडक होतं की ती चालली की पत्रावळी हलवल्यासारखा आवाज यायचा. लुगडं मी स्वतः उकळलं. उकळण्यात माझा हात बसलेलाच होता.

कोजागिरी झाल्यावर तीन दिवसांनी, सकाळी दूध आलं त्या वेळेला मला मुलगी झाली. डॉक्टरांच्या कात्रीने नाळ कापली आणि आत्तीच्या लुगड्यात तिला घेतलं.

मुलगी लालबुंद आणि रडण्यात खमकी. सगळे येऊन बघून गेले. डॉक्टर रोज दोनदा येत. फक्त हे दारातून आत येत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, हात पाठीमागे. आत्तीने घ्यायला सांगितलं की, "हात त्यालकट हाईत," असं म्हणायचे. मग रॉकेल लावून, साबण लावून हात धुवायचे, पुन्हा उंबऱ्याशी येऊन उभे, आणि हात पुन्हा पाठीमागे. मी एकेक दिवस मोजत होते. सातवा गेला, आठवा गेला. नववा दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. त्या दिवशी ह्यांनी गाडी तीनदा धुतली.

दहाव्या दिवशी सकाळी आत्तीने पाय पसरून, पोरीला पायावर पालथी घालून न्हाऊ घातलं. बाहेर मोटारखान्यासमोर पंपाची फुसफुस चालू होती. आत्तीने तिथूनच हाळी दिली, "जावायबापू! या हिकडं!"

हे धावत आले. त्यांना वाटलं, काही झालं.

"माझं गुडगं धरल्यात. मला उठवंना. पोरगी वली हाय, सर्दी व्हईल. पुसा हिला."

"म्या?"

"मग काय डाक्तरला बलवू? एवढी मोठी मोटार पुसताय, ही वितभर हाय."

आत्तीचे गुडघे चांगले होते. ती रोज विहिरीवर जायची. पण ह्यांच्या ते ध्यानात आलं नाही. ते उंबरा ओलांडून आले, गुडघ्यावर बसले, त्या निळ्या लुगड्याचा मऊ तुकडा दोन्ही हातांवर पसरला आणि आत्तीने पोरीला त्यात ठेवलं. बाजेवर पडून मी बघत होते. कापड तिच्या अंगाला लागलं आणि हात आपसूक चालू लागले. आधी डोकं, मग पाठ, मग हातपाय. कुठे घासणं नाही. नुसतं ठेवायचं आणि उचलायचं. मानेच्या वळ्या, काखा, बोटांच्या बेचक्या, सगळं एकेक करून. कानामागे थोडं पाणी राहिलं होतं, तिथे त्यांनी अगदी हळू फुंकर घातली. ती रडायची थांबली आणि त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली.

आत्ती पाणी ओतून यायच्या निमित्ताने बाहेर गेली.

ह्यांनी पोरीला तसंच धरून तिच्याभोवती कापड सारखं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोरला कसा हुता गं दिसायला?"

तीन वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. मी सांगितलं. केस हिच्यापेक्षा दाट होते. कान थेट तुमचे. डावी मूठ सोडायचाच नाही, झोपेतसुद्धा. माझं बोट धरायचा. ते एकेक ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, रंग कसा, आवाज कसा, हसला होता का. मी रडत होते आणि तरीही सांगायला मला बरं वाटत होतं.

बाहेर डॉक्टरांची व्हिजिटची वेळ झाली होती. अर्धवट पुसलेल्या गाडीवर ऊन आलं आणि बॉनेटभर पांढरे ठिपके वाळले. डॉक्टर तसेच त्या गाडीत बसून स्वतः चालवत निघून गेले, आणि जाताना त्यांनी हॉर्नही वाजवला नाही.